दर्यानाथबुवांचे गवंडी

"बुजली! सगली भोकं बुजली गो!"

पोपट बांधावर नाचत होता, आणि पोपट बांधावर दिसला हाच मुळात अर्धा चमत्कार होता. बांधाचं काम निघालं की त्याच्या पाठीत उसण भरायची, आणि काम संपून खोबऱ्याचा प्रसाद वाटायला घेतला की ती आपोआप उतरायची. आज मात्र तो सगळ्यांच्या पुढे, आणि मागे अख्खं माणखार लोटलेलं. कामाच्या दिवशी जी तोंडं कधी दिसत नसत तीही झाडून हजर. बांधाला वाचा असती तर त्याने विचारलं असतं, "बाबांनो, इतके दिवस होता कुठे?"

नवरात्रातली अष्टमी होती. सूर्य मावळतीला टेकला होता, खाडी भरून आली होती. बांधाच्या मधोमध एक उंचापुरा बुवा हात वर करून उभा. अंगाला राख, कमरेला भगवं, गळ्यात शंखशिंपल्यांच्या माळा. नाव दर्यानाथ. सकाळीच कल्याणकडून होडीतून आला होता.

"जळ बांधूं, थळ बांधूं, खाडीचा गळा बांधूं!" बुवा गरजला. "सात समुद्रांची सात कुलुपं! आणि किल्ली कुठे? या दर्यानाथाच्या जटेत!"

"न्हाताना काढून ठेवता का वो ती?" गर्दीच्या मागून एक बाई म्हणाली.

ती गोदा. खांद्यावर फावडं, पदर कमरेला खोचलेला, आणि जीभ नेहमीप्रमाणे मोकळी. चारपाच जणांनी "गप गो" करून तिला दटावलं. गोदाने पुढे सरकून पाहून घेतलं. खरंच बुजली होती. दुपारी हाच बांध तिने पाहिला होता, चाळणीसारखा. वरच्या अंगाला, जिथवर रोजचं पाणी पोचत नाही तिथेही, बोट जाईल एवढाली भोकं. बुवाने एकेका भोकावर अंगारा टाकला, मंत्र पुटपुटला, सगळ्यांना घरी पिटाळलं आणि भरतीला परत बोलावलं. आता भोकं गायब. प्रत्येकाच्या तोंडावर ओल्या चिखलाचा गुळगुळीत टिळा.

आता हा बांध म्हणजे काय, हे सांगायला हवं. कोपर गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कुशीत माणखार वसलेलं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, आणि दोघांत भांडण नको म्हणून मध्ये मातीचा बांध. हा बांध सरकारचा नव्हता, सावकाराचा नव्हता. गावाचा होता. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात. दर भांगाला, ओहोटी लागली की घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. खेकड्यांची बिळं शोधायची, उकरायची, आणि घट्ट चिखलाचे गोळे ठोकून भरायची. मजुरी नाही, मुकादम नाही. येणारे सगळे बांधकरी, आणि त्यांना हाकारणारा म्होरक्या काळुराम.

काळुराम जन्मात खोटं बोलला नव्हता. त्यामुळे त्याने पाहिलेलं खोटं असू शकेल, हे कोणाच्या डोक्यात येईना. त्या संध्याकाळी त्याने एका भोकावरून बोट फिरवलं, बोट कपाळाला लावलं आणि म्हणाला, "मी माझ्या डोल्यांनी बगितलं." झालं. माणखारात यापुढे चौकशी करायची पद्धत नव्हती.

मग बुवाने नियम सांगितले.

"ऐका लेकरांनो! ओहोटीला खाडीबाई निजते. तेव्हा बांधावर पाऊल टाकाल तर डोळे जातील. दर्शन भरतीला! आणि फावडं? अरे, फावडं म्हणजे आईच्या अंगावर वार! आजवर तुम्ही तिला घायाळ केलंत, म्हणून ती बांध पोखरत होती. आता तिचे घाव तिनेच बुजवले. फावडी घरी टांगून ठेवा."

हे ऐकून गावाला जो आनंद झाला तो भक्तीचा किती आणि विश्रांतीचा किती, याची वाटणी करणं अवघड आहे. ज्या वेळेला काम करायचं, नेमकी तीच वेळ निषिद्ध! असा देव कोणाला नको? पोपटाने तर तिथेच लोटांगण घातलं, आणि त्याची पाठ अजिबात दुखली नाही.

खाडीबाईला काय हवं होतं? फार काही नाही. घरटी पायलीभर तांदूळ आणि एक कोंबडी. बुवाला बांधाच्या टोकाशी एक खोपटी. खाडीबाई स्वतः जेवायला येत नसल्यामुळे तिच्या वतीने कोंबडी बुवाच खायचा, रस्सा जरा तिखट लागला तर तेही तिच्याच वतीने कळवायचा.

खरं सांगायचं तर गोदालाही त्या रात्री बरं वाटलं होतं. कंबर तिलाही होती. नवरा गेल्यापासून घराची पाळी तीच करायची. पहिल्यांदा पुरुष कुरकुरले, मग तिचा चिखलाचा गोळा इतरांच्या गोळ्यांपेक्षा जास्त टिकतो हे दिसल्यावर थांबले. आता मंत्राने काम होतंय तर होऊ दे की, असं तीही मनात म्हणाली.

पण तिचं शेत सर्वांत शेवटचं होतं, अगदी बांधाला चिकटून. भात निसवला होता, लोंब्या वाकायला लागल्या होत्या. आणि पौर्णिमेला, कोजागिरीच्या भर दुपारी, मोठं उधाण येणार होतं. त्या पाण्याने बांध फोडला तर पहिला घास गोदाच्या शेताचा. नुसतं यंदाचं भात जात नाही त्यात. जमीन खारते, आणि पावसांनी धुऊन काढीपर्यंत तीत काही पिकत नाही. मग शेतवाली बाई मिठागरावर टोपल्या वाहायला जाते. गावातल्या दोन घरांचं तसं झालेलं गोदाने पाहिलं होतं.

दसऱ्याच्या दुपारी सगळं गाव देवळात सोनं वाटत होतं. गोदा तेवढ्यात शेतावर डोकावली. बांधाच्या पायथ्याशी, तिच्या भाताच्या मुळाशी, माती ओली दिसली. पाऊस तर कधीच थांबलेला. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"ही तर झोपेत मुतते तुमची खाडीबाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि डोळे जायची पर्वा न करता बांधावर चढली.

ओहोटी होती. आणि बांध पुन्हा चाळणी झाला होता! तीच भोकं, तिथेच, तोंडाशी अजून बुवाचा अंगारा चिकटलेला. आणि भोकाभोकाबाहेर बोराएवढे खेकडे, एक नांगी इवलीशी आणि एक लालभडक, अंगापेक्षा मोठी. गोदा दिसताच सगळे सर्रकन आत. तिचे डोळे काही गेले नाहीत. उलट कामाला लागले.

या खेकड्यांकडे माणखारात कोणी बघत नसे. खाडीतली मोठी चिंबोरी कुठे लपते, कधी भरते, तिचा रस्सा कसा करावा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण या बांधावरच्या चिमुरड्यांत खायला काहीच नाही. म्हणून त्यांच्या चालीरीतींची विचारपूस पिढ्यान्‌पिढ्या राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती चढत असताना, गाव आंघोळी करून दर्शनाला निघालं. गोदा निघाली उलट्या दिशेला. मधली पाण्याची नाळ ओलांडून ती कोपरकरांच्या बांधावर गेली. तिकडे बुवा गेलेला नव्हता, अंगारा नव्हता, कोंबडी नव्हती. ती मुकाट एका जागी बसली. हलली नाही.

थोड्या वेळाने एक खेकडा बाहेर आला. इकडेतिकडे पाहिलं, पायांनी चिखल खरवडला, त्याची गोळी केली, ती कुशीशी धरून तिरका तिरका बिळाशी गेला, आत उतरला, आणि गोळी मागून ओढून घेतली. तोंड बंद. वर गुळगुळीत टिळा. मग शेजारचा. मग पलीकडचा. पाणी यायच्या आधी एकेकाने आपापलं दार लावून घेतलं.

गोदा हसायला लागली. एकटीच, कोपरकरांच्या बांधावर, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग हसता हसता थांबली. कारण दार लावलं म्हणजे घर भरलं असं होत नाही. आत भुयारं तशीच होती. पूर्वी भोक दिसायचं तरी. आता बांध बाहेरून शहाणासुरता आणि आतून पोकळ, आणि पौर्णिमा तोंडावर.

ती माणखारच्या बांधावर पोचली तेव्हा आरती संपत होती. बुवासमोर मोठं ताट, ताटात गुलाल, शेजारी बांधलेल्या कोंबड्या.

"म्हाराज, एक इचारू? त्या कोपरकरांनी तुमाला काय दिलं?"

"ते?" बुवाने नाक मुरडलं. "पाखंडी गाव! एक दाणा नाही."

"मंग त्यांची भोकं फुकट का बुजवलीत? आताच बगून आले. एकूणएक बंद. आमच्याकडनं घरटी कोंबडी, नि त्यांना तसंच?"

गर्दीत कुजबुज झाली. म्हातारी धाकू पुढे सरली. "आता गो बाय! माझी अंड्यावरची तलंग गेली, नि कोपरवाल्यांना फुकाट?"

"मंत्राची शक्ती आहे, माई," बुवा हसून म्हणाला. "वाऱ्याने वाहवत गेली असेल तिकडे."

"जाऊ दे की," गोदा म्हणाली. "तुमचा मंत्र इथं बुजवतो म्हनता ना? मंग या भोकात पानी जायचं नाय."

तिने ताटातला गुलाल ओंजळभर उचलला, जवळच्या एका हंडीत टाकला, हंडी खाडीत बुडवून भरली आणि एका भोकापाशी बसली. नखाने वरचा टिळा उडवला. खपली पडावी तसा तो पडला. मग ती लाल पाणी ओतू लागली. हंडी रिकामी झाली. बाहेर थेंब नाही. दुसरी हंडी ओतली. तीही पोटात गेली.

"काळूभावजी," ती मान वर न करता म्हणाली, "जरा माझ्या शेताच्या अंगाला उतरून बगा."

काळुराम उतरला. गाव वाकून बघू लागलं. थोडा वेळ काही नाही. मग बांधाच्या पायथ्याशी, भाताच्या मुळाशी, मातीतून लाल पाझर फुटला. एकाच नाही, तीन ठिकाणी. काळुराम तिथेच बसला.

"रक्त!" बुवा किंचाळला. "आईचं रक्त! त्या बाईने आईला घाव घातला! पळा, नाहीतर निर्वंश होईल!"

गर्दी खरोखरच मागे हटली. पोपट तर पळायला वळला, आणि या क्षणाला सगळा खेळ गोदाच्या हातून जायची वेळ आली होती. भीती ही अशी चीज आहे की, समोर ओतलेला गुलालही तिला रक्त दिसतो.

गोदाने बुवाच्या कपाळाकडे बोट केलं. "आईचं रगत म्हनता? मंग तुमच्या कपालाला काय लागलंय?"

कपाळावर त्याच ताटातल्या गुलालाचा भला मोठा मळवट होता. धाकूआजी पहिली हसली, बोळक्या तोंडाने, खुदुखुदु. हसण्याला लागण होते. ती पोपटापर्यंत पोचली तेव्हा त्याचे पाय थांबले.

"आता कोन घरी जायचं नाय," गोदा म्हणाली. "सगले बसा. ओहोटी लागू दे. डोले जायचे तर सगल्यांचे एकदम जातील, आंधल्यांना हसायला कोन उरनार नाय."

"नि गेले म्हंजे?" पोपटाने विचारलं.

"तर तुला कामाला न यायला कायमचं कारन मिलेल. बस."

गाव बसलं. कोणी भाकरी आणवली, कोणी पोरं मांडीवर झोपवली. पाणी हळूहळू उतरलं, चिखल उघडा पडला, ऊन चढून कलायला लागलं. आणि मग बांधावरचा एक टिळा थरथरला. आतून ढकलला गेला. बाहेर आली एक लाल नांगी, मग दोन डोळे, आणि मग अख्खा खेकडा, पाठीवर बुवाचा अंगारा घेऊन. तो दारात उभा राहिला आणि नांगी वरखाली हलवू लागला, थेट आशीर्वाद द्यावा तसा.

"ह्यो बग तुझा गवंडी," धाकूआजी पोपटाला म्हणाली. "घाल लोटांगन."

मग सगळीकडून दारं उघडू लागली. माणखारची माणसं आयुष्यात पहिल्यांदाच या बांधावर रिकाम्या हाताने बसून नुसती बघत होती.

बुवा मात्र बघत नव्हता. तो केव्हाच सटकून होडीकडे गेला होता. पण तासन्‌तास थांबायची वेळ येईल असं त्याच्या हिशेबात नव्हतं. होडी चिखलात रुतून बसलेली. खाडीचा गळा बांधणारा दर्यानाथ गुडघाभर चिखलात उभा राहून ती ढकलत होता, आणि खाडी त्याच्यासाठी वीतभरसुद्धा परत यायला तयार नव्हती.

पोपट नि काळुरामने त्याला धरून आणलं. काळुरामचा हात उगारलेला होता. गोदाने तो खाली केला.

"मारू नका. आधी सांगू दे. म्हाराज, हे तुमाला कसं ठावं?"

बुवाच्या आवाजातला गडगडाट गेला होता. खाली साधंसुधं माणूस निघालं. "मिठागरावर राखणदार होतो, बाई. भरतीला आगरात काम नसतं. सगळे घरी जातात. राखणदाराने जायचं कुठे? बसायचो बांधावर, बघायचो. एकदा एका वाटसरूला गंमत म्हणून दाखवलं. तो पाया पडला. मग म्हटलं..."

"मंग म्हटलं कोंबडी चांगली."

"हो."

"अरं बाबा," गोदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती, "एवढं बगितलंस, आमच्या बापजाद्यांना जे दिसलं नाय ते बगितलंस. ते तसंच सांगितलं असतंस तरी पायलीभर तांदूल दिलाच असता की आम्ही. सोंग कशाला घेतलंस?"

बुवाच्या हातात फावडं दिलं गेलं.

पौर्णिमेपर्यंत रोज ओहोटी लागली की अख्खं गाव बांधावर. नुसतं तोंड बुजवून भागणार नव्हतं. भुयार शेवटापर्यंत उकरायचं, चिखल घट्ट मळायचा, पायांनी तुडवून भरायचा. बुवाच्या माळा पहिल्याच दिवशी खुंटाला टांगल्या गेल्या. गडी कामाला वाईट नव्हता. पोपटाला त्याच्याच शेजारी उभा केला होता, म्हणजे दोघांपैकी कोणी निसटलं तर दुसरा ओरडेल. कोंबड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, जेवढ्या शिल्लक होत्या तेवढ्या.

कोजागिरीच्या दुपारी उधाण आलं. गाव या वेळेला घरी नव्हतं, बांधावर होतं. पाणी चढत चढत माथ्याच्या खाली वीतभर येऊन टेकलं. गोदा आपल्या शेताच्या अंगाला, पायथ्याशी बसून होती. एका जागी माती पाझरू लागली तशी तिने हाक मारली, आणि बुवा, काळुराम, पोपट असे तिघेही चिखलाचे गोळे घेऊन धावले. गोळ्यावर गोळा, वर पाय, वर पुन्हा गोळा. पाझर बारीक झाला. मग थांबला. पाणी तिथेच उभं राहिलं, बराच वेळ, जणू विचार करत, आणि मग बोटभर खाली गेलं. मग हातभर. लोंब्या वाऱ्यावर हलत होत्या. गोदाने एक तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि कच्चा दाणा दातांखाली फोडला. दूध भरलं होतं. अजून थोडे दिवस, मग कापणी.

"वयनी," काळुराम शेजारी येऊन बसला, "आपन एवढी वर्सं हितं राबतो. आपल्याला कसं दिसलं नाय गो?"

"आपन ओहोटीला येतो, भावजी, नि भरतीला घरी जातो. खेकडा कवा दार लावतो ते बगायला कोन थांबलं?"

वाचणाऱ्यांनो, खेकड्याने कोणाला फसवलं नाही. तो आपलं दार लावत होता. चमत्कार झाला तो दोन वेळांच्या मधल्या अंधारात. आधी पाहिलं ओहोटीला, नंतर पाहिलं भरतीला, आणि मधल्या वेळात सगळे घरी. तुमच्या गावातही कोणी येईल आणि सांगेल की, या वेळेला बघा, त्या वेळेला बघू नका, डोळे जातील. डोळे कोणाचे जात नाहीत. तुम्ही एवढंच करा. ज्या वेळेला येऊ नको म्हणून सांगितलं असेल, बरोबर त्याच वेळेला जा, मुकाट बसा, आणि बघा.